गणपतीत डेंग्यू, दिवाळीत केसगळती: शाम्पू बदलण्याआधी हे वाचा

ताई, तुमची पोस्ट वाचली. गणपतीत डेंग्यू झाला, आता दिवाळीच्या तोंडावर विंचरलं की मूठभर गुंतवळ हातात येतंय, आणि तुमचा संशय नवीन शाम्पूवर आणि बोअरच्या पाण्यावर. मला विचाराल तर दोघंही निर्दोष आहेत बहुतेक, चोर तो डेंग्यूच. केस आज गळतोय म्हणजे कारण आजचं नसतं, दोन-तीन महिने मागे जाऊन बघायचं. मोठा ताप, टायफॉइड, बाळंतपण, ऑपरेशन, किंवा एकदम जेवण तोडून केलेलं डाएट, असं काही झालं की वाढीत असलेले बरेचसे केस एकदमच विश्रांतीच्या अवस्थेत जातात, तिथे साधारण तीन महिने टिकून असतात आणि मग सगळे मिळून गळतात. डॉक्टर त्याला टेलोजन एफ्लुव्हियम म्हणतात. एरवीसुद्धा रोज ५०-१०० केस जातातच आणि तुम्ही आठवड्यातून एकदा न्हात असाल तर ते सगळे त्याच दिवशी मोरीच्या जाळीत दिसणार, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

एक करा, गळालेला केस पांढऱ्या कागदावर ठेवून उजेडात बघा. एका टोकाला बारीकसा पांढरट गोळा दिसला तर तो मुळातून, त्याची वेळ भरल्यावर सुटलेला केस. गोळा नसेल, तुकडाच असेल, तर तो तुटलाय, म्हणजे स्ट्रेटनिंग, कलर, ओले केस खसाखसा विंचरणं वगैरे.

दुसरं म्हणजे भांग बघा. डेंग्यूनंतरची गळती सगळ्या डोक्यावरून होते आणि साधारण सहा महिन्यांत आपसूक कमी होते. पण भांग वर्ष-दोन वर्षांपासून हळूहळू रुंद होत असेल, टाळू दिसायला लागली असेल, तर ते प्रकरण वेगळं, आणि ते आपोआप थांबत नाही. मिनॉक्सिडिल हे केस वाढवायचं औषध मुख्यतः त्यासाठी असतं. पार्लरवालीच्या सांगण्यावरून ते सुरू करू नका प्लीज, सुरुवातीचे काही आठवडे गळती उलट वाढते, फरक दिसायला चार-सहा महिने जातात, आणि दिवस राहिले असतील किंवा चान्स घेत असाल तर ते चालत नाही.

पाळीत अंगावरून खूप जातं असंही लिहिलंय तुम्ही, आणि हिमोग्लोबिन नॉर्मल म्हणून सोडून दिलंत. थांबा, फेरिटिन केलंय का? तो शरीरातला लोहाचा साठा. हिमोग्लोबिन ठीक असून साठा रिकामा असणं बायकांमध्ये भरपूर दिसतं. तापात फेरिटिन उगाच वाढलेलं दिसतं त्यामुळे डेंग्यूच्या वेळचा रिपोर्ट असला तरी तो धरू नका, आता नव्याने करा, सोबत टीएसएच (थायरॉइडची तपासणी), व्हिटॅमिन बी१२ आणि डी. आणि केसांसाठी म्हणून घेतात त्या बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर लॅबला आणि डॉक्टरांना आधी सांगा, त्याने थायरॉइडचे आकडे चुकीचे येऊ शकतात, हे केमिस्ट सांगत नाही. लोहाच्या गोळ्या मात्र रिपोर्ट बघून डॉक्टर देतील तेव्हाच. अळिवाचे लाडू, पालेभाजीवर लिंबू, डाळ-उसळ-अंडी हे आजपासून करा, आणि जेवणाला लागून चहा बंद, त्याने लोह नीट शोषलं जात नाही.

कांद्याच्या तेलाचं विचारलंत. लावा हवं तर, पण रगडून मालिश नको, सुटायला आलेले केस त्यात लगेच हातात येतात आणि आपण तेलाला शिव्या घालतो.

गोल चकत्या पडत असतील (आपल्याकडे चाई म्हणतात ते), टाळूची आग होत असेल, किंवा हनुवटीवर केस येऊन पाळीही अनियमित झाली असेल तर वाट बघू नका, सरळ त्वचारोगतज्ज्ञ गाठा.

केस कापले तर गळणं थांबेल का म्हणाल तर नाही. पण खांद्यापर्यंत केलेत तर गुंतवळ लहान दिसतं आणि विंचरताना गुंता कमी होतो, तेवढ्यासाठी कापायचे तर खुशाल कापा.