टेक्निशियन लायसन्सवर न्यू जर्सीहून पुण्याशी बोलता येईल का?

तुम्ही विचारलंय की अमेरिकेत हॅम रेडिओची, म्हणजे हौशी बिनतारी संचाची, टेक्निशियन ही पहिली परीक्षा दिली, तर पुण्यातल्या हॅम मित्राशी बोलता येईल का, की वरच्या जनरल आणि एक्स्ट्रा याही द्याव्या लागतील. माझं ऐकाल तर जनरल द्याच, आणि त्याच दिवशी द्या.

टेक्निशियनला ५० मेगाहर्ट्झपासून वर सगळं रान मोकळं. खिशातल्या वॉकीटॉकीवरून गावचा रिपीटर (आवाज पुढे पोचवणारं उंचावरचं केंद्र) मिळतो, शेजारच्या काउंटीतले आजोबा लोक भेटतात. पुणं मात्र तिथून मिळत नाही. त्यासाठी शॉर्टवेव्ह लागते, आणि तिथे टेक्निशियनला तोंडाने बोलायला एकच चिंचोळी पट्टी आहे: २८.३ ते २८.५ मेगाहर्ट्झ, २०० वॅटपर्यंत. ८०, ४० आणि १५ मीटरच्या बँडवर (बँडना नावं तरंगलांबीवरून) फक्त मोर्स, म्हणजे कट्ट-कडकट्टची भाषा. ती २८ मेगाहर्ट्झची पट्टी म्हणजे दहा मीटरचा बँड, आणि तो चालतो सूर्याच्या मर्जीवर. सौरडाग भरात असले तर साध्या तारेच्या अँटेनावर भारत ऐकू येतो, एरवी दिवसचे दिवस नुसती खरखर.

जनरल झालात की २० मीटर उघडतो, १५०० वॅटपर्यंत. बोलायला १४.२२५ ते १४.३५० मेगाहर्ट्झ. मित्राशी गाठ पडली तर बहुधा इथेच पडेल. ४० मीटरवर फार भिस्त ठेवू नका: भारतातल्या हॅमचा बँड ७.२ ला संपतो, आणि इथे जनरलला बोलायची परवानगी ७.१७५ ला सुरू होते. उरली २५ किलोहर्ट्झची बोळकांडी!

एक्स्ट्रा कशाला, असं मलाही वाटायचं. एका रविवारी सकाळी डायल फिरवताना १४.१९५ वर 'व्हिक्टर युनिफॉर्म टू' ऐकलं, म्हणजे VU2, भारतातल्या हॅमच्या ओळखचिन्हाची सुरुवात. आपल्याकडचा माणूस, इंग्रजी बोलतानाही सूर अस्सल देशी. माईकचं बटण अंगठ्याखाली, आणि दाबायची सोय नाही, कारण ती जागा जनरलची नव्हे. लांबचे देश बरेचदा तिथेच ठाण मांडून असतात. चहा गार झाला, तो माणूस इटलीवाल्यांशी बोलत राहिला. महिन्याभरात मी एक्स्ट्राचं पुस्तक उघडलं.

टेक्निशियन आणि जनरल दोन्हींत ३५ प्रश्न, २६ बरोबर आले की पास. एक्स्ट्राला ५० पैकी ३७. प्रश्नसंच उत्तरांसकट आधीच जाहीर असतो. मोर्सची परीक्षा २००७ सालीच गेली. नागरिकत्वाची अट नाही, त्यामुळे व्हिसावर असाल तरी चालतं. पहिली पास झालात की परीक्षक बहुतेक ठिकाणी त्याच फीमध्ये पुढची देऊ देतात. एफसीसीचे, म्हणजे लायसन्स देणाऱ्या सरकारी संस्थेचे, ३५ डॉलर नव्या लायसन्सला वेगळे भरायचे. वरचा वर्ग मिळवायला पुन्हा भरावे लागत नाहीत.

फॉर्म भरताना एक सांभाळा. तुम्ही द्याल तो पत्ता एफसीसीच्या यादीत जगजाहीर होतो. मी घरचा दिला होता, तुम्ही पोस्टाची पेटी (पीओ बॉक्स) घ्या.