‘थांब’ म्हटल्यानंतर

“आम्ही दोघंही आधीच खूप सोसून बसलोय. अशी दोन माणसं एकत्र येऊन कधी सुखी होतात का?” लैंगिक समुपदेशन करताना हा प्रश्न माझ्यासमोर वेगवेगळ्या शब्दांत सतत येतो. विचारणाऱ्यांना प्रेमाबद्दल शंका नसते. अंथरुणात घडता घडता जे मध्येच अडतं, त्याची भीती असते.

अशाच एका जोडप्याची गोष्ट सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

दोघंही पस्तिशी ओलांडलेले. तिच्या आधीच्या नवऱ्याने तिचं ‘नाही’ कधी ऐकलंच नव्हतं. त्याचं लहानपण अबोल्यात गेलेलं. वडील चिडले की आठवडाभर बोलायचे नाहीत आणि आपलं काय चुकलं ते मुलाने ओळखायचं. दोघं एकमेकांना भेटले तेव्हा कितीतरी वर्षांनी कुणाच्या तरी जवळ जावंसं वाटलं, असं दोघांनीही मला वेगवेगळं सांगितलं. ओढ तर अशी, की दिवसभर फोनवर एकमेकांना जे लिहायचे ते वाचून कामात लक्ष लागायचं नाही. संध्याकाळी घरात पाऊल टाकल्यावर दिवा लावायचंही भान राहायचं नाही.

आणि मग मध्येच त्याच्या हाताची पकड तिच्या मनगटावर जरा घट्ट झाली, की ती तिथून जणू निघूनच जायची. डोळे उघडे, नजर छताला, श्वास वरच्यावर. तोंडातून शब्द फुटायचा नाही. तो घाबरून हात काढून घ्यायचा, उठायचा, दुसऱ्या खोलीत जायचा. जाताना दार हलक्या हाताने ओढून घ्यायचा, तिला त्रास नको म्हणून.

त्या दाराबद्दल मी दोघांना स्वतंत्रपणे विचारलं. तो म्हणाला, “मी तिला मोकळीक देतो.” ती म्हणाली, “दार लागल्याचा आवाज आला की कळतं, हा रागावला. आता शिक्षा.” आणि तिचं गप्प होणं त्याला काय सांगत होतं? वडिलांचा अबोला. ‘माझं पुन्हा काहीतरी चुकलं.’ समोरचं माणूस दोघांनाही दिसतच नव्हतं.

गोठणं म्हणजे नकोसं वाटणं, असा बहुतेकांचा समज असतो. तसं नाही. धोका जाणवला की शरीर लढतं, पळतं किंवा गोठतं, आणि त्यासाठी ते आपली परवानगी घेत नाही. मेंदूतला अमिग्डाला नावाचा बदामाएवढा भाग धोक्याची खूण टिपतो. विचार मागून पोचतो. मनगटावरची पकड ही तिच्या शरीरासाठी जुनी खूण होती. हात कुणाचा आहे, हे पाहायला शरीर थांबलं नाही.

लैंगिकतेवर संशोधन करणाऱ्या अमेरिकेतल्या किन्सी इन्स्टिट्यूटमध्ये असताना जॉन बॅनक्रॉफ्ट आणि एरिक यान्सेन यांनी केलेल्या मांडणीनुसार कामोत्तेजनेच्या दोन वेगळ्या यंत्रणा असतात, एक चेतवणारी आणि एक रोखणारी. मी त्याला अ‍ॅक्सिलरेटर आणि ब्रेक म्हणते. या दोघांचा अ‍ॅक्सिलरेटर उत्तम होता. तरी दोघं त्यावरच आणखी जोर देत होते: नवे कपडे, मंद दिवे, बाहेरगावी मुक्काम. ब्रेकवरचा पाय काढायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

मी त्यांना संभोग पूर्ण बंद करायला सांगितला. विल्यम मास्टर्स आणि व्हर्जिनिया जॉन्सन या अमेरिकी लैंगिकता-संशोधकांनी १९७० साली मांडलेली स्पर्शाची पद्धत आजही वापरली जाते: आळीपाळीने स्पर्श करायचा, सुरुवातीला जननेंद्रियं आणि स्तन सोडून, आणि लक्ष फक्त त्वचेला काय जाणवतंय त्याकडे ठेवायचं. यांच्यासाठी मी त्यात एक बदल केला. त्याने तळहात वर करून उघडा ठेवायचा आणि तिने आपला हात त्यावर ठेवायचा. तिला वाटेल तेव्हा हात उचलता आला पाहिजे. पहिल्या दिवशी तिचा हात दहा सेकंद टिकला. दहाच सेकंद, पण हात उचलल्यावर तो उठून गेला नाही.

तिसऱ्या आठवड्यात दोघं खाली मान घालून आले. बंदी मोडली होती. माझ्या मते बंदी मोडणं हा काही गुन्हा नाही, म्हणून मी फक्त कशी मोडली ते विचारलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “तो इतके दिवस थांबलाय, आता नाही कसं म्हणू?” तो हे ऐकून रडला. हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिलंय. जोडीदाराचा संयम मनात कर्जासारखा साठत जातो आणि मग ‘हो’ हा त्याचा हप्ता होऊन बसतो. त्या दिवशी आम्ही बाकी सगळं बाजूला ठेवलं आणि एवढंच ठरवलं: ती ‘थांब’ म्हणेल, तो थांबेल, पण जाणार नाही. तिथेच बसून म्हणेल, “मी इथेच आहे, रागावलो नाही.” आणि ‘थांब’ म्हणायचा हक्क त्यालाही असेल. तोवर हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

सगळ्यांना एवढ्यावर भागत नाही. रात्रीबेरात्री जुने प्रसंग डोळ्यांसमोर येत असतील, तर आधी आघातावरचे उपचार हवेत. ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या मदतीने जुन्या आठवणींची धार कमी करणारी पद्धत) किंवा आघात-केंद्रित सीबीटी (विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणारी उपचारपद्धती) यांचा उपयोग होतो. संबंधाच्या वेळी दुखत असेल, तर डॉक्टरांकडे जायला हवं. आणि आत्ताच्या जोडीदाराचीच भीती वाटत असेल, तर हे प्रयोग मुळीच करू नका. आधी स्वतःची सुरक्षितता बघा.

सुमारे पाच महिन्यांनी ती एकटी आली. आदल्या रात्री तिने मध्येच ‘थांब’ म्हटलं होतं. तो थांबला, शेजारी पडून राहिला. तिने छताकडे पाहिलं, मग मान वळवून त्याच्याकडे. “त्याच्या कपाळावर घाम होता,” ती म्हणाली. “मी तो पुसला. आणि मग मीच त्याला जवळ ओढलं.”