संगणक शंका-समाधान : वर्डमधलं बटण जातं कुठे?

प्रश्न : सोसायटीची थकबाकीची यादी वर्डमध्ये तक्ता करून ठेवली आहे. ओळी वाढवायची बटणं कधी वर दिसतात, कधी नाही. शिवाय यादी चार पानांची झाली की रकान्यांची नावं पहिल्याच पानावर राहतात. — एक सचिव, डोंबिवली

उत्तर : ती बटणं फक्त कर्सर तक्त्यात असतानाच दिसतात. तक्त्याबाहेर क्लिक केलं की ती अख्खी टॅब नाहीशी होते. त्यामुळे आधी तक्त्यातल्या एखाद्या घरात क्लिक करा. वरच्या टॅबच्या रांगेत उजवीकडे 'टेबल डिझाइन' आणि तिच्या शेजारी 'लेआउट' येईल. इथेच अनेकांची गल्लत होते. कारण याच नावाची दुसरी टॅब डावीकडे कायम असते, पण ती पानाची आहे: समास, आडवं-उभं पान, कॉलम. ओळींसाठी उजवीकडचीच हवी. काही आवृत्त्यांत तिला 'टेबल लेआउट' म्हटलं आहे, ते बरं झालं.

रकान्यांची नावं प्रत्येक पानावर यावीत म्हणून पहिल्या ओळीत कर्सर ठेवा आणि याच टॅबच्या उजव्या टोकाला 'डेटा' गटातलं 'रिपीट हेडर रोज' दाबा. कर्सर मधल्या एखाद्या ओळीत असेल तर हे बटण राखाडी राहतं, दबत नाही. बटणच दिसत नसेल तर वर्डची खिडकी लहान केलेली असणार. जागा कमी पडली की रिबन (म्हणजे वरचा बटणांचा पट्टा) अख्खा गट मिटून एकाच बटणात घालतं, म्हणून 'डेटा' वर क्लिक करून आत बघा किंवा खिडकी पूर्ण मोठी करा.

बटण दाबूनही नावं येत नसतील तर तक्त्यावर उजवं क्लिक, 'टेबल प्रॉपर्टीज', 'टेबल' या पानावर 'टेक्स्ट रॅपिंग' बघा. तिथे 'अराउंड' असेल तर ओळ पुन्हा येत नाही, 'नन' करा. तक्ता माउसने ओढून हलवला की हे 'अराउंड' आपोआप होतं. तसंच तक्त्याच्या मध्येच कंट्रोल-एंटर मारून पान तोडलं असेल तरी पुढच्या पानावर नावं येणार नाहीत. तो ब्रेक काढा.

प्रश्न : शाळेच्या लेटरहेडवरचा हेडर पडद्यावर दिसेनासा झाला, छापल्यावर मात्र येतो. — एक शिक्षिका, कराड

उत्तर : दोन पानांच्या मधल्या सीमेवर चुकून डबल-क्लिक झालं आहे. त्याने पानांमधली कोरी जागा मिटते आणि तिच्याबरोबर हेडर-फूटरही. त्याच रेघेवर माउस नेऊन पुन्हा डबल-क्लिक करा.

प्रश्न : एक्सेलमध्ये बाणाची कळ दाबली की सेल बदलत नाही, अख्खं पान सरकतं. — एक वाचक, जळगाव

उत्तर : स्क्रोल लॉक चालू आहे. ती कळ पुन्हा दाबा. लॅपटॉपवर नसेल तर विंडोजचा ऑन-स्क्रीन कीबोर्ड उघडून त्यातली 'एससीआरएलके' दाबा.

प्रश्न : रिबनची नुसती नावं उरली आहेत, बटणं नाहीत. आणि हवं ते बटण दर वेळी शोधत बसावं लागतं. — एक लेखापाल, नांदेड

उत्तर : कंट्रोल-एफ१ दाबा, रिबन परत उघडेल. एखाद्या टॅबच्या नावावर डबल-क्लिक झालं तरी ते असंच मिटतं.

शोधण्यासाठी ऑफिस २०१६ पासून वरती शोधपेटी आहे. ऑल्ट-क्यू दाबून कामाचं इंग्रजी नाव लिहा, मिळालेली आज्ञा तिथूनच चालवता येते. रोज लागणाऱ्या बटणावर उजवं क्लिक करून 'अ‍ॅड टू क्विक अ‍ॅक्सेस टूलबार' निवडा. ती पट्टी दिसत नसेल तर रिबनवर उजवं क्लिक करून चालू करा. तिथलं पहिलं बटण ऑल्ट-१ ने, दुसरं ऑल्ट-२ ने चालतं. पेस्ट स्पेशल किंवा फ्रीझ पेन्स तिथे आवर्जून ठेवा. कोणतीही टॅब उघडी असली तरी ती हाताशी राहतात.