1909 चा सेंट आणि तारीख पुसलेला बफेलो निकेल

प्रश्न: आजोबांच्या डब्यात लिंकनचा 1909 चा एक अमेरिकन सेंट सापडला, मागे व्हीडीबी असं काहीतरी आहे, शिवाय बफेलोवाला निकेल, म्हणजे पाच सेंटचं नाणं आहे पण त्याची तारीखच दिसत नाही. किती मिळतील? आणि घासून चकचकीत करू का?

उत्तर: आधी ते घासायचं डोक्यातून काढा, पॉलिश केलेल्या नाण्याची किंमत धाडकन पडते, काळपटपणा राहू दे तसाच.

आता सेंट. व्हीडीबी म्हणजे डिझायनर व्हिक्टर डेव्हिड ब्रेनर, अक्षरं मोठी दिसतात म्हणून ओरड झाली आणि काही दिवसांतच ती काढून टाकली. पण खरी गंमत पुढच्या बाजूला, तारखेच्या खाली बघा. तिथे टांकसाळीचं अक्षर असतं; काहीच नसेल तर फिलाडेल्फियाचं नाणं, ते कोट्यवधी निघाले, फार हुरळून जाऊ नका. एस असेल तर सॅन फ्रान्सिस्को, ते फक्त 4,84,000, म्हणजे चांगलीच लॉटरी, पण म्हणूनच साध्या नाण्यावर एस चिकटवणारे महाभाग आहेत, तेव्हा भिंगातून एसच्या कडेला सांधा किंवा डिंकाचा डाग दिसतो का बघा आणि विकण्याआधी पीसीजीएस किंवा एनजीसी या नाणी तपासणाऱ्या कंपन्यांकडून तपासून घ्याच.

निकेलची तारीख उंचवट्यावर होती म्हणून ती झिजायचीच, बिचाऱ्याला फारसा भाव नाही. तरी मागे बघा, बफेलो मातीच्या उंचवट्यावर उभा असेल तर 1913 चा पहिला प्रकार, म्हणजे तारीख न दिसताही वर्ष कळलं.