ताईला विचारा : प्रॉम्प्टर अडकला तर?

प्रश्न : ताई, मी कोल्हापूरची, बीएच्या शेवटच्या वर्षाला. वक्तृत्वात बक्षिसं मिळालीत म्हणून सगळे म्हणतात न्यूज अँकर हो. पुण्यात तीन महिन्यांचा अँकरिंगचा कोर्स आहे, फी भरमसाट, पण थेट स्क्रीनवर घेतो म्हणतात. माझ्या बोलण्यात कोल्हापुरी हेल येतो, मैत्रिणी हसतात. काय करू?

उत्तर : अगं, पहिलं म्हणजे ती फी भरू नको. प्रॉम्प्टर, म्हणजे कॅमेऱ्यासमोर बातमीचा मजकूर सरकत दाखवणारा पडदा, वाचायला आठवडाभरात येतं, पण खुर्ची बहुतेकांना अशी थेट मिळत नाही, आधी डेस्कवर बातम्या लिहायच्या, नाईट शिफ्ट मारायच्या, फिल्डवर माईक घेऊन उन्हात उभं राहायचं आणि मग कधीतरी सकाळी सहाच्या बुलेटिनचा अँकर आजारी पडतो नि आपल्याला बोलावणं येतं. माझं तसंच झालं. तिसऱ्याच दिवशी प्रॉम्प्टर अडकला, कानात प्रोड्युसर ओरडतोय "खेच, खेच, रिपोर्टर लाईनवर नाहीये", आणि मी तेच वाक्य तीनदा बोलले. बातमी कसली तर आपल्याच पंचगंगेच्या पुराची! राजाराम बंधाऱ्याला इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43, हे आपल्याकडं शेंबड्या पोराला पाठ असतंय, मला ऐनवेळी आठवेना.

मुंबई दूरदर्शन 1972 ला सुरू झालं तेव्हा हातातला कागद स्वच्छ वाचणं हेच मुख्य काम, स्मिता पाटीलही तिथं बातम्या वाचायची. 2007 पासून मराठीत चोवीस तासांची चॅनेल आली आणि कागद संपल्यावरही बोलत राहणं आलं. वक्तृत्वाची सवय इथं थोडी नडते बरं का, पाठ केलेलं भाषण तिथं उपयोगाचं नाही.

हेलाचं टेन्शन घेऊ नको. ण-न, श-स तेवढं घासून घे, रोज अग्रलेख मोठ्यानं वाच. पण "लई", "व्हय" पार विसरू नको, ऊसदरावर एखाद्या शेतकऱ्याचा फोनो, म्हणजे बातम्यांत फोनवरून थेट प्रतिक्रिया, घेताना तेच कामाला येतं, तो मोकळा बोलतो.

कोर्स करायचाच तर शिवाजी विद्यापीठात पत्रकारितेचा विभाग आहे, तिथं चौकशी कर. आकाशवाणी कोल्हापूरची निवेदकांसाठी ऑडिशन निघाली तर फॉर्म भर. आणि या रविवारी बंधाऱ्यावर जा, मोबाईल मैत्रिणीच्या हातात दे आणि कागद न घेता तीन मिनिटं नदीवर बोल. दीड मिनिटालाच अडकशील बघ. अडकलीस तरी व्हिडिओ डिलीट करू नको, कुठं अडकलीस ते बघून परत बोल.