गेमिंग माउस आपल्या हाताला आणि पकडीला जुळतो की नाही, हे कसे ओळखावे?

मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत १७.५ सेंटिमीटर लांब आणि ९ सेंटिमीटर रुंद अशा हातासाठी कोणता माउस घ्यावा, सध्याच्या मोठ्या माउसवर तासभर शूटर (नेमबाजीचा गेम) खेळल्यावर करंगळी का आखडते आणि जास्त डीपीआयचा माउस घेतल्याने नेम सुधारेल का, असे तुम्ही विचारले आहे. डीपीआयचे उत्तर छोटे असल्यामुळे ते आधी देतो. माउस एक इंच सरकला की तो संगणकाला किती पावले कळवतो, तो आकडा म्हणजे डीपीआय. शूटर खेळणारे बहुतेक अनुभवी लोक ४०० ते १६०० च्या दरम्यानच खेळतात, त्यामुळे खोक्यावर छापलेला २५ किंवा ३० हजारांचा आकडा त्यांच्या उपयोगी पडत नाही. चांगल्या गेमिंग माउसमधला आजचा सेन्सर, म्हणजे माउसची हालचाल टिपणारा भाग, पुरेसा अचूक असतो. नेम चुकण्याचे कारण शोधायचे असेल, तर आधी माउसचा आकार आणि तुमची बोटे यांच्याकडे पाहावे.

करंगळीचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण माउस निवडताना लोक ज्या बोटांचा विचारच करत नाहीत, तीच बोटे माउस धरत असतात. तर्जनी आणि मधले बोट क्लिक करण्यात गुंतलेले असते. माउसला दोन्ही बाजूंनी धरून ठेवण्याचे, वळवण्याचे आणि उचलण्याचे काम एका बाजूला अंगठा आणि दुसऱ्या बाजूला अनामिका व करंगळी करतात. या दोघींना माउसच्या उजव्या बाजूवर नीट जागा मिळाली नाही, तर करंगळी एक तर पॅडवर घासत राहते किंवा अनामिकेखाली दुमडून ताणलेली राहते, आणि तासाभराने ती आखडते. तुमचा माउस तुमच्या हातासाठी रुंद असावा, असे माझे अनुमान आहे, कारण रुंद माउसवर बोटे फाकतात आणि फाकलेल्या बोटांनी पकड टिकवायला जास्त जोर लावावा लागतो.

आता पकडीविषयी. पाम, क्लॉ आणि फिंगरटिप अशा तीन पकडी सांगितल्या जातात. पाममध्ये पूर्ण तळहात माउसच्या पाठीवर टेकतो आणि बोटे सपाट पसरतात. क्लॉमध्ये तळहाताचा फक्त मागचा भाग टेकतो आणि बोटे कमानीसारखी उभी राहतात. फिंगरटिपमध्ये तळहात माउसला लागतच नाही, सगळा कारभार बोटांच्या टोकांवर चालतो. मात्र चित्रे पाहून स्वतःची पकड ठरवू नये. मी स्वतःला अनेक वर्षे पाम पकडीचा समजत होतो आणि त्याच समजुतीने उंच, भरदार माउस विकत घेत होतो. एकदा मोबाइल बाजूला उभा करून खेळतानाच्या हाताचे चित्रीकरण केले, तेव्हा दिसले की शांतपणे फिरताना माझा तळहात माउसवर टेकलेला असतो, पण समोर शत्रू आला की दोन क्षणांत तळहात मागे सरकतो आणि बोटे उभी राहतात. म्हणजे नेम धरण्याच्या नेमक्या क्षणी माझी पकड क्लॉ होती आणि माउस मात्र पामसाठी घडवलेला होता. तुम्हीही असे दहा मिनिटांचे चित्रीकरण करावे आणि चकमकीच्या वेळी हात कसा असतो तेवढेच पाहावे.

हाताच्या लांबीच्या आणि रुंदीच्या ६० टक्के मापाचा माउस घ्यावा, असा एक नियम सर्रास सांगितला जातो. तुमच्या बाबतीत तो १०.५ सेंटिमीटर लांबी आणि ५.४ सेंटिमीटर रुंदी देतो. रुंदीचा आकडा उपयोगी आहे, परंतु बहुतेक गेमिंग माउस साधारण ११.५ ते १३ सेंटिमीटर लांब असतात, म्हणून लांबीच्या बाबतीत हा नियम तुम्हाला जवळजवळ रिकाम्या हाताने परत पाठवेल. त्यापेक्षा काही ठाऊक माउसची मापे खूणगाठ म्हणून लक्षात ठेवावीत. रेझर कंपनीचा डेथॲडर व्ही३ प्रो १२८ मिलिमीटर लांब आणि ४४ मिलिमीटर उंच आहे, आणि तो मोठ्या हातांच्या पाम पकडीला भरून येतो. लॉजिटेकचा जी प्रो एक्स सुपरलाइट १२५ मिलिमीटर लांब, ६३.५ मिलिमीटर रुंद आणि ४० मिलिमीटर उंच, दोन्ही बाजूंनी सारखा आहे. रेझरचा वायपर मिनी ११८.३ मिलिमीटर लांब आणि ३८.३ मिलिमीटर उंच असून पकडीच्या जागी त्याची रुंदी ५३.५ मिलिमीटर आहे. ‘पकडीच्या जागी’ हे शब्द मी मुद्दाम वापरले, कारण काही कंपन्या सर्वांत रुंद भागाचे माप देतात आणि काही कंबरेचे, म्हणजे मधल्या अरुंद भागाचे, त्यामुळे दोन तक्त्यांतल्या रुंदीची थेट तुलना फसवी ठरते.

मापांपेक्षाही जास्त फरक पाठीवरच्या उंचवट्याच्या जागेने पडतो, आणि ती कंपन्यांच्या तक्त्यात सहसा नसते. उंचवटा मागच्या बाजूला असेल तर क्लॉ पकडीत तळहाताच्या मागच्या भागाला टेकू मिळतो आणि माउस बोटे व तळहात यांच्यामध्ये घट्ट बसतो. तो मध्यभागी असेल तर पाम पकडीत तळहाताची पोकळी भरते. फिंगरटिप पकडीत मात्र उंच पाठ अडथळाच ठरते, कारण बोटे आखडून माउस जवळ ओढताना ती तळहाताला आपटते. तुम्हाला यातले काय हवे, हे नवीन माउस न घेताही तपासता येते. जुन्या माउसच्या पाठीवर मागच्या टोकाशी कागदाच्या जाड घड्या चिकटपट्टीने बसवून एक-दोन सामने खेळा, मग त्याच घड्या मध्यावर सरकवून पुन्हा खेळा. हात कुठे निवांत राहिला, हे लगेच कळते.

दुसरी कसोटी उचलण्याची. कमी सेन्सिटिव्हिटीवर, म्हणजे माउस बराच सरकवला तरी नेम थोडाच हलेल अशा मांडणीवर, खेळणाऱ्याला माउस पॅडच्या कडेला गेला की उचलून पुन्हा मध्यावर ठेवावा लागतो, आणि हे सामन्यात शेकडो वेळा घडते. माउसच्या बाजू खालच्या दिशेला किंचित आत वळलेल्या असतील तर बोटे अडकतात आणि तो हलक्या हाताने उचलला जातो. बाजू खाली फाकत गेल्या असतील तर बोटे वर घसरतात आणि प्रत्येक वेळी मूठ आवळावी लागते. घामट हातांना बाजूंवर ग्रिप टेप (पकड घट्ट करणारी चिकटपट्टी) लावल्यास बराच आराम पडतो.

वजनाविषयी थोडक्यात सांगतो. ६० ग्रॅमच्या आसपासचे माउस थांबवायला आणि पुन्हा हलवायला सोपे असतात, पण चुकीचा आकार हलका झाल्याने बरोबर होत नाही. साधा अल्कलाइन एए सेल सुमारे २३ ग्रॅमचा असतो, म्हणून सेलवर चालणाऱ्या माउसचे वजन सेलसकट पाहावे. माउस बदलल्यावर डीपीआय तोच ठेवूनही नेम पुढे-मागे जातो, याचे कारण बहुधा सेन्सरची जागा असते. मनगटावरून हात वळवताना सेन्सर मनगटापासून जितका दूर, तितका मोठा कंस तो काढतो आणि नेम तितका जास्त सरकतो.

तुमचे चित्रीकरण क्लॉ किंवा फिंगरटिपकडे झुकले, तर दोन्ही बाजूंनी सारखा, १२ सेंटिमीटरहून कमी लांबीचा आणि पकडीच्या जागी ५४ ते ५८ मिलिमीटर रुंदीचा माउस शोधावा. ते पामकडे झुकले, तर उजव्या हातासाठी घडवलेल्या आकारातली लहान प्रत घ्यावी. झोवी कंपनीची ईसी ही माउसची मालिका यासाठी सोयीची आहे, कारण तिच्यात ईसी१, ईसी२ आणि ईसी३ असे उतरत्या क्रमाचे आकार मिळतात. परत करण्याची सोय असेल तिथूनच घ्यावे आणि पहिल्या दिवशीच्या नेमावरून निर्णय देऊ नये. हात सरावायला आठवडाभर लागतो. त्या आठवड्यात रोज तासभर खेळल्यानंतर करंगळीची स्थिती तेवढी लिहून ठेवावी. ती पॅडवर घासत असेल तर बाजूची उंची किंवा उतार जुळलेला नाही, आणि ती अनामिकेखाली दबत असेल तर माउस जास्तच अरुंद झाला आहे. बोटांना मुंग्या येत असतील किंवा बधिरपणा जाणवत असेल, तर मात्र खरेदी बाजूला ठेवून डॉक्टरांना हात दाखवावा.