व्हिलेर-ब्रेतोनोची व्हिक्टोरिया शाळा

फ्रान्समधल्या शाळेच्या पटांगणात 'डू नॉट फर्गेट ऑस्ट्रेलिया' असे इंग्रजी शब्द ठळक अक्षरांत का लिहिले आहेत आणि ही इमारत ऑस्ट्रेलियन सरकारने बांधून दिली हे खरे का, असे आपण विचारले आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण हा गैरसमज बराच पसरलेला आहे: पैसा मुख्यतः ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातल्या शाळकरी मुलांनी जमवलेल्या पेनींचा होता आणि त्यात शिक्षकांनीही भर घातली होती.

व्हिलेर-ब्रेतोनो हे आमियां शहराच्या पूर्वेला साधारण १६ किलोमीटरवरचे छोटे गाव. २४ एप्रिल १९१८ रोजी जर्मन सैन्याने रणगाड्यांच्या साहाय्याने ते घेतले (त्याच दिवशी गावाजवळ इतिहासात प्रथमच रणगाड्याशी रणगाडा भिडला), आणि त्याच रात्री ऑस्ट्रेलियाच्या १३व्या व १५व्या ब्रिगेडने अंधारात दोन बाजूंनी चाल करून, ब्रिटिश तुकड्यांच्या जोडीने, ते परत मिळवले. उजाडला तो २५ एप्रिल, म्हणजे तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर ऑस्ट्रेलियन सैनिक उतरले त्याला बरोबर तीन वर्षे झाली तो दिवस. गाव राहिले, पण घरे, चर्च, शाळा यांचा ढिगारा झाला होता.

युद्धानंतर मेलबर्न शहराने या गावाला दत्तक घेतले आणि नव्या शाळेसाठी व्हिक्टोरियातून निधी आला. शाळेचे उद्घाटन मुद्दाम २५ एप्रिललाच, १९२७ साली, झाले. इमारतीवरचा फलक सांगतो की ही शाळा व्हिक्टोरियाच्या मुलांनी येथल्या मुलांना दिलेली भेट आहे आणि गाव सोडवताना मरण पावलेले सैनिक हे त्या देणाऱ्या मुलांचेच वडील व भाऊ होते. मला स्वतःला ही ओळ पटांगणातल्या प्रसिद्ध पाटीपेक्षा अधिक बोलकी वाटते; छायाचित्रे मात्र सगळे पाटीचीच काढतात. शाळेच्या सभागृहात ऑस्ट्रेलियातले प्राणी लाकडात कोरलेले आहेत, तेही तिकडूनच आले.

वरच्या मजल्यावर १९७५पासून फ्रान्स-ऑस्ट्रेलिया संग्रहालय आहे, खाली मुलांचे वर्ग भरतात. फेब्रुवारी २००९मध्ये व्हिक्टोरियातल्या वणव्यांत स्ट्रॅथेवेन येथील प्राथमिक शाळा जळून गेली, तेव्हा तिच्या पुनर्बांधणीसाठी व्हिलेर-ब्रेतोनोच्या गावकऱ्यांनी वर्गणी काढली.